बचत गट फुटतो तेव्हा नेमके काय फुटते?

प्रश्न : आमचा चौदा महिलांचा बचत गट नऊ वर्षांपासून चालू आहे. मासिक बचत शंभर रुपये आहे. सुरुवातीची सात-आठ वर्षे आमच्या गटाची एकी पाहून शेजारच्या गावच्या महिला आमच्याकडे शिकायला येत असत. दीड वर्षापूर्वी बँकेकडून पाच लाख रुपये कर्ज मिळाले आणि ते आम्ही सर्वांनी समान वाटून घेतले. त्यानंतर चौघींनी बैठकीला येणे सोडले, तिघींचे हप्ते थकले आणि आता दोघी म्हणतात की बचत वाटून टाका व गट बंद करा. मी गटाची सचिव आहे. पूर्वीची एकी परत कशी आणावी? सर्वांची एक सहल काढावी का? की त्या चौघींना कमी करून नव्या सदस्य घ्याव्यात?

उत्तर :

ताई, तुमच्या प्रश्नातील 'पूर्वीची एकी' या शब्दांपाशी मी आधी थांबते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात महिलांचे गट बांधणे, त्यांची दप्तरे, म्हणजे हिशेबाच्या आणि बैठकांच्या नोंदींच्या वह्या तपासणे आणि फुटलेले गट पुन्हा बसवणे हे काम मी १९९५ पासून करीत आले आहे. दप्तर न पाहता एखाद्या गटाचे निदान करू नये, हे मला मान्य आहे. परंतु कर्ज, समान वाटप, गैरहजेरी, थकबाकी आणि शेवटी वाटपाची मागणी हा जो क्रम तुम्ही लिहिला आहे, तो मी इतक्या गावांत पाहिला आहे की त्यावर बोलण्याचे धाडस करते.

आधी साधा हिशेब मांडू. चौदा जणींनी दरमहा शंभर रुपयांप्रमाणे नऊ वर्षे बचत केली, तर व्याज सोडून गटाची बचत १,५१,२०० रुपये होते आणि एकेकीच्या वाट्याला १०,८०० रुपये येतात. जिथे दीड लाख जमायला नऊ वर्षे लागली, तिथे पाच लाख एका दिवसात आले. सुरुवातीच्या वर्षांत एखादीने दोन-तीन हजारांचे अंतर्गत कर्ज घेतले आणि ते दोन महिने थकले, तर बाकीच्या तेराजणींना ते पोटात घालता येत होते. ती एकी खोटी होती असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावर तोवर फारसे ओझे पडलेले नव्हते. दोन हंडे पेलणाऱ्या चुंबळीवर एकदम चार हंडे चढवल्यासारखे झाले आहे. तेव्हा पूर्वीची एकी परत आणण्याचा विचार सोडा. पाच लाखांचे ओझे पेलेल अशी एकी तुमच्या गटात अजून घडायचीच आहे.

एकी म्हणजे एकमेकींविषयी वाटणारे प्रेम, अशी या कामात येताना माझीही समजूत होती. गटात भांडण झाले की आम्ही कार्यकर्त्या धावत जाऊन समजूत घालत असू, गाणी म्हणवून घेत असू, एकमेकींना पेढा भरवायला लावत असू. तो पेढा पुढच्या हप्त्यापर्यंतही टिकत नसे. पुढे दप्तरे वाचता वाचता माझ्या लक्षात आले की ज्या गटांच्या इतिवृत्तांत वाद नोंदलेले होते, "अमुकीने हरकत घेतली", "तमुकीचा दंड माफ करण्यास तिघींचा विरोध" असे लिहिलेले होते, ते गट बहुधा टिकले होते. ज्यांच्या इतिवृत्तात वर्षानुवर्षे "सर्वानुमते ठरले" हे एकच वाक्य होते, ते एके दिवशी अचानक बंद पडले होते. भांडणाने गट फुटत नाही. भांडण बैठकीच्या सतरंजीवरून उठून नळावर, शेताच्या बांधावर, मोबाइलवर आणि भावकीत गेले की गट फुटतो. बैठकीत ते 'हप्ता का थकला' एवढ्याच प्रश्नाचे असते. बाहेर गेले की त्याला बांधाचा वाद चिकटतो, मागच्या लग्नातला मानपान चिकटतो, सासूने कधी काळी काढलेले उद्गार चिकटतात, आणि मग मूळ हप्ता भरला तरी ते मिटत नाही.

आपलेपणा कशाने येतो याचा पहिला धडा मला किल्लारीच्या परिसरात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर जी गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली, त्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे शेतजमिनीच्या प्रमाणात, म्हणजे २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी दिली गेली, आणि बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका बाजूला आली. जुन्या गावात ज्यांची भिंत एक होती, त्यांच्यात आता दोन रुंद रस्ते आले. इतके मोठे दुःख सर्वांनी मिळून भोगल्यावर या बायका आपोआप एक होतील, अशी आम्हा कार्यकर्त्यांची भाबडी कल्पना होती. दुःखाने माणसे जवळ आली खरी, पण काही महिनेच. मदतीच्या याद्या लागू लागल्या, कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली हे दिसू लागले, तशी तीच माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. आम्ही सोयीसाठी नव्या रांगांप्रमाणे गट केले. त्यांतले बरेचसे वर्षभरात मोडले. उलट काही बायकांनी आमचे न ऐकता जुन्या गल्लीतल्या मैत्रिणी गोळा केल्या आणि महिन्यातून एकदा लांबून चालत येऊन त्या बैठक घेत राहिल्या. त्यांचे गट टिकले. त्यांना एकमेकींची कर्जे माहीत होती, कोण बोलल्याप्रमाणे पैसे आणून देते आणि कोण आजारपणाचे निमित्त सांगते हे माहीत होते, आणि कुणाच्या वाईट दिवसांत कोण उभी राहिली होती हेही माहीत होते. आपलेपणाचा मोठा भाग अशा माहितीचाच असतो. (जुन्या गल्ल्या जातीजातींच्या होत्या, हेही येथेच सांगून ठेवते. त्याकडे पुढे येईन.)

आता तुमच्या गटाकडे वळू. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये देशात ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प घेतला आणि तिथून ही पद्धत पसरली. गटाची कमाल संख्या वीस का, याचे मूळ जुन्या कंपनी कायद्यात आहे. वीसपेक्षा अधिक माणसांनी नफ्यासाठी एकत्र व्यवहार केला तर नोंदणी सक्तीची होती. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी वीस हा आकडा शहाणपणाचा आहे, कारण एका गोलात बसून सर्वांचा चेहरा दिसेल आणि प्रत्येकीच्या घरची हालहवाल लक्षात राहील, अशी माणसांची संख्या फार मोठी नसते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री तुम्ही प्रशिक्षणात पाठ केली असेल. पुढे उमेद या राज्य शासनाच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तिची दशसूत्री झाली. आपण ती शिस्तीची यादी म्हणून शिकवतो, हे आपले चुकते. प्रत्यक्षात या पाच गोष्टींमुळे कुणालाही आपण बाहेरचे आहोत असे वाटायला जागा राहत नाही, आणि पाचांपैकी एक ढिली झाली की ती जागा तयार होते.

सर्वांत आधी ढिली होते ती लेख्यांची बाजू. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या गटातील रोग इथेच असावा असा माझा संशय आहे, आणि तुम्ही स्वतः सचिव असल्यामुळे ते ऐकायला कडू लागेल. नऊ वर्षे दप्तर कोण लिहीत आहे? बहुतेक गटांत लिहिता-वाचता येणारी एकच असते. ती प्रामाणिक असते, कष्टाळू असते, दिवसभराची कामे उरकून रात्री बारापर्यंत रोजकीर्द आणि खतावणी जुळवत बसते, आणि तिला त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. हळूहळू बाकीच्या म्हणू लागतात, "तिला सगळं माहीत आहे." सुरुवातीला हे विश्वासाचे वाक्य असते. पाच लाख आले, दोन हप्ते चुकले आणि बँकेचा माणूस दारात आला की "तिला सगळं माहीत आहे" हेच वाक्य आरोपाचे होते. शब्द तेच राहतात, फक्त बोलण्याचा सूर बदलतो. मी असे गट पाहिले आहेत, जिथे एका रुपयाचाही गैरव्यवहार नव्हता. संपूर्ण दप्तर तपासून मी तसे सांगितले, तरीही गट वाचला नाही. चोरी झाली म्हणून तिथला विश्वास गेला नव्हता. आपल्याला हिशेब कळत नाही आणि तो समजावून सांगण्याची कुणाला गरजही वाटत नाही, ही भावना त्या बायकांना खात होती. ज्या बाईला गटाचे आकडे ठाऊक नाहीत, ती त्या गटात पाहुणी असते.

यावर उपाय अवघड नाही, फक्त चिवटपणा लागतो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला हातातली शिल्लक, बँकेतली शिल्लक, कुणाकडे किती येणे आणि बँकेचे किती देणे हे चार आकडे मोठ्याने वाचायचे, आणि ते सचिवाने वाचायचे नाहीत. दर महिन्याला वेगळ्या सदस्येने वाचायचे. जिला वाचता येत नाही तिला आदल्या दिवशी मुलीकडून पाठ करून घेऊ द्या. निरक्षर बायका आकड्यांना कच्च्या असतात हा शिकलेल्यांचा गैरसमज आहे. शेजारणीला चार वर्षांपूर्वी दिलेले पायलीभर दाणे त्यांना पावशेराच्या फरकासह आठवतात. एका वस्तीवरच्या गटात मी ही पद्धत सुरू केली, तेव्हा तिसऱ्याच महिन्यात एका वयस्कर मावशींनी वाचता वाचता मध्येच थांबून विचारले, "माझ्या पासबुकात तर वेगळंच लिहिलंय." बेरजेची चूक होती, अडीचशे रुपयांची. ती सापडली याचा सर्वांत जास्त आनंद लिहिणाऱ्या बाईला झाला, कारण वर्षभर तिच्यामागे जी कुजबुज चालली होती, ती त्या एका प्रश्नाने संपली.

दुसरी गोष्ट समान वाटपाची. पाच लाख चौदा जणींत वाटले म्हणजे प्रत्येकीला सुमारे ३५,७०० रुपये मिळाले. सर्वांना सारखे दिले की कुणाची तक्रार राहत नाही, असा यामागचा विचार असतो आणि वरवर तो न्यायाचा वाटतो. पण जरा घराघरात जाऊन पाहा. एकीला शेळ्या घ्यायला पन्नास हजार हवे होते, तिला पस्तीस मिळाले आणि बाकीचे तिने सावकाराकडून किंवा दुसऱ्या कुठून आणले. एकीला काहीच नको होते, पण 'हक्काचे का सोडा' म्हणून तिने घेतले आणि नवऱ्याने किंवा दिराने वापरले. हप्ता मात्र तिच्या नावावर आहे. एकीने घेतलेले तसेच पुढे दुसरीला जास्त व्याजाने दिले, आणि हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बैठकीत कुणी बोलत नाही. थकलेल्या तिघींची चौकशी केलीत, तर त्यांपैकी किमान एकीची कथा अशी निघेल. समान वाटपात कुणाला कशासाठी किती हवे, तिची परतफेडीची ऐपत किती, तिच्यासाठी आपण थांबावे का, ही चर्चाच करावी लागत नाही. आणि गटाची एकी घडते ती नेमकी या चर्चेत. "यंदा तुझ्या मुलीचं लग्न आहे, तू आधी घे, माझं विहिरीचं काम पुढच्या वर्षी" असे एक बाई दुसरीला सर्वांसमोर म्हणते, तेव्हा दोघींच्या मध्ये जे तयार होते ते सहलीने किंवा स्नेहमेळाव्याने होत नाही. ज्या बाईसाठी एकदा गट थांबला, ती गटासाठी सहसा थांबते.

नियम आणि दंड यांविषयी थोडे लिहिते. सामायिक गायराने, पाणी, जंगले लोक शतकानुशतके एकत्र कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना जी वैशिष्ट्ये दिसली, त्यांतले एक असे की नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी अगदी हलकी शिक्षा होते आणि चूक पुन्हा पुन्हा झाली तर ती वाढत जाते. आपल्याकडे याच्या उलट घडते. पहिल्या चार वेळा आपण भिडेपोटी काहीच बोलत नाही आणि पाचव्या वेळी एकदम 'हिला काढून टाका' असा ठराव आणतो. उशिरा येण्याचा पाच रुपये दंड कुणाला जड नसतो. तो सरपंचांच्या घरातल्या बाईला माफ होतो आणि रोजंदारीवर जाणारीकडून वसूल होतो, हे जड असते. मी एका गटात स्वतः पाहिले आहे की अध्यक्षीण बाईंनी स्वतःच्या उशिराचे पाच रुपये, कुणी न मागता, आल्या आल्या सतरंजीवर ठेवले. त्या गटात पुढे मला नियमांवर प्रशिक्षण घ्यावे लागले नाही.

आता त्या चौघी. त्या येत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे, पण का येत नाहीत हे लिहिलेले नाही. तुम्ही त्यांना विचारले आहे का? निरोप पाठवणे आणि विचारणे यांत फरक आहे. बैठक दुपारी दोनला असेल, तर सोयाबीन काढणीच्या आणि खुरपणीच्या दिवसांत मजुरी करणारी बाई येऊच शकत नाही. तिचा तो दिवसाचा रोज असतो. घरी असणाऱ्या बायकांना ही वेळ सोयीची असते, आणि बैठकीची वेळ त्याच ठरवतात, कारण ठरवायच्या दिवशी त्याच हजर असतात. आमच्याकडील अनेक गावांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही गट या बायकांना पाच महिने गैरहजर धरून दंड लावतात. मग परत आल्यावर त्या बैठकीत येत नाहीत, कारण आल्या आल्या पाचशे रुपये मागितले जाणार हे त्यांना माहीत असते. काही गटांनी मात्र नियमच केला की जाण्याआधी मुकादमाकडून उचल मिळते, तेव्हा पाच महिन्यांची बचत एकरकमी भरायची, तेवढे महिने गैरहजेरी धरायची नाही, आणि कारखान्यावर असताना आजारपण आले तर फोनवर मागितले तरी कर्ज मंजूर करायचे. ज्या बाईला फडातून केलेल्या फोनवर गटाचे तीन हजार मिळाले, ती गट बंद करा असे कधी म्हणेल, असे मला वाटत नाही.

बसण्याच्या जागेकडेही पाहा. गट बहुधा वस्तीप्रमाणे होतात आणि वस्त्या जातीप्रमाणे असतात, म्हणून अनेक गट एकाच जातीचे असतात. त्यांना बांधणे सोपे जाते, हे खरे आहे. ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सर्व गटांच्या संघात आल्यावर मात्र तीच सोपी एकी आड येते. मिश्र गटांत मी कधीच 'तुमच्यात भेदभाव आहे का' असे विचारत नाही, कारण उत्तर नाही असेच येते. मी बैठक कुणाच्या घरी होते ते पाहते, ओसरीवर कोण बसते आणि उंबऱ्याबाहेर कोण, आणि चहा आला की कुणाला आज उपास असतो. बैठक आळीपाळीने सर्वांच्या घरी होत नसेल, तर ती सरळ शाळेत किंवा समाजमंदिरात न्या. हीच गोष्ट हळदीकुंकवाची. गटाच्या नावाने, गटाच्या पैशांतून हळदीकुंकू करायचे आणि गटातल्या दोन विधवा सदस्यांनी त्या दिवशी घरी बसायचे, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे आणि इतक्या चांगल्या बायकांना त्यात काही खटकत नाही, की त्याविषयी शांतपणे लिहिणे मला अजूनही जमत नाही. त्या दोघींच्या शंभर रुपयांचे व्याज गटाला चालते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. तुमच्या गटाला तर ठरावासाठी ग्रामसभेचीही गरज नाही, चौदा जणी पुरेशा आहेत.

बाहेरून येणाऱ्या कारणांविषयी थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीत महिलांना निम्म्या जागा २०११ पासून राखीव झाल्या ही मोठी गोष्ट झाली, पण एकाच प्रभागातून एकाच गटातल्या दोघी उभ्या राहिल्या की गटाचे दोन तट पडतात. जे गट टिकले, त्यांनी निवडणुकीच्या काळात बैठकीत प्रचाराचा शब्द काढायचा नाही हे आधीच, म्हणजे उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी ठरवून इतिवृत्तात लिहिले होते. तसेच सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कंपन्यांच्या कर्जगटांचे आहे. तिथे शेजारणीचा हप्ता थकला की तो तुम्हाला भरावा लागतो, आणि मैत्रीण हळूहळू वसुली एजंट होते. तुमच्या थकलेल्या तिघींच्या डोक्यावर असे आणखी एखादे साप्ताहिक हप्त्याचे कर्ज असण्याची शक्यता मोठी आहे. तेही त्या आपणहून सांगणार नाहीत.

पदांविषयी एवढेच म्हणेन की अध्यक्ष आणि सचिव दोन-तीन वर्षांनी बदलले पाहिजेत, आणि बाहेर जाण्याच्या संधीही फिरत्या राहिल्या पाहिजेत. बचत गटांच्या वस्तूंच्या मुंबईतील सरस प्रदर्शनाला, जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला, बँकेत सहीला दर वेळी त्याच दोघी जात असतील, तर उरलेल्या बाराजणी गट चालवत नाहीत, फक्त भरणा करतात. "पण दुसऱ्या कुणाला जमत नाही" हे मला माहीत आहे. तुम्हालाही पहिल्या दिवशी जमत नव्हते.

आता तुमच्या दोन थेट प्रश्नांची उत्तरे. सहल आत्ता काढू नका. थकबाकी असताना काढलेली सहल नियमित भरणाऱ्या बायकांना 'आमच्या व्याजावर चाललेली मजा' वाटते आणि थकलेल्या बायका लाजेने येत नाहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी काढायची त्याच मागे राहतात. हिशेब मार्गी लागल्यावर अवश्य जा, तुळजापूरला जा, नाहीतर एखादा चांगला चाललेला गट पाहायला जा. चौघींना कमी करू नका. कर्जाचा करार सर्वांच्या सह्यांचा आहे, त्यामुळे त्यांना काढल्याने त्यांच्या वाट्याचे देणे गटाच्या डोक्यावरून उतरत नाही. शिवाय आज चौघी गेल्या की उरलेल्या दहाजणी मनातल्या मनात पाचवी कोण याचा हिशेब मांडू लागतात.

त्याऐवजी असे करा. पुढच्या पंधरा दिवसांत त्या चौघींच्या घरी जा, पण तुम्ही किंवा अध्यक्षांनी जाऊ नये. जिचे जिच्याशी जुळते, तिने एकटीने जावे. पैशांचा विषय काढू नये, येणे का थांबले एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. दरम्यान ग्रामसंघाच्या लेखापालाला किंवा शेजारच्या गटाच्या सीआरपी ताईंना (उमेदच्या गावपातळीवरील कार्यकर्तीला) बोलावून नऊ वर्षांचे दप्तर त्यांच्याकडून तपासून घ्या. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तुमच्या संरक्षणासाठी आहे, आणि ते तुम्ही स्वतः मागितले हे सर्वांना कळू द्या. मग सर्वांना सोयीच्या वेळी, बहुधा रात्री जेवणानंतर, एक विशेष बैठक घ्या आणि त्यात प्रत्येकीचे येणे-देणे मोठ्याने वाचा. थकलेल्या तिघींना दोष देण्याआधी त्यांना महिन्याला खरोखर किती झेपेल ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या आणि बँकेत जाऊन हप्ते पुन्हा बांधून मिळतात का ते विचारा. थकबाकी तीन महिन्यांच्या आत असताना शाखाधिकारी बरेच ऐकून घेतात, पुढे त्यांचेही हात बांधले जातात. ज्या दोघी वाटप मागत आहेत, त्यांना पहिल्यांदा बोलू द्या आणि मध्ये कुणी अडवू नका. त्यांच्या रागातच तुमच्या गटाचा सर्वांत खरा अहवाल असण्याची शक्यता आहे.

इतके करूनही एखादीला जायचेच असेल, तर तिला सन्मानाने जाऊ द्या. तिची बचत आणि नियमाप्रमाणे येणारा व्याजाचा वाटा यांतून तिचे कर्ज वजा करून जी रक्कम निघेल, ती बैठकीत सर्वांसमोर मोजून द्या, तिची सही किंवा अंगठा घ्या, आणि पुन्हा यावेसे वाटले तर कोणत्या अटीवर घेऊ हे त्याच पानावर लिहा. गटातून बाहेर पडलेली बाई गावातच राहते, नळावर रोज भेटते, आणि तिला कसे पाठवले हे उरलेल्या साऱ्याजणी पाहत असतात.

विशेष बैठकीपूर्वी चौदाच्या चौदा पासबुके भरून ज्याच्या त्याच्या घरी आठ दिवस आधी पोहोचती करा, म्हणजे शंका घरी निघतील आणि प्रश्न तयार होऊन बैठकीत येतील. आणि त्या दिवशी लेखणी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, ताई. तुम्ही फक्त गोलात बसा.